नववीच्या वर्गाचा सा कुठे लावायचा?

मे महिन्यात आणि परत नोव्हेंबरच्या आसपास मला एकाच प्रकारचे फोन येतात. समोर कुणाची तरी आई किंवा बाबा असतात, मुलगी आठवीत नाहीतर नववीत असते आणि प्रश्न ठरलेला असतो, ताई, दहावीच्या आत किती परीक्षा होतील हिच्या? मी परळला घरी गाण्याचे आणि पेटीचे क्लास घेते, १९ वर्षं झाली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, त्यामुळे पालक कॅलेंडर घेऊनच बसलेले असतात, प्रारंभिक आत्ता, प्रवेशिका प्रथम दिवाळीनंतर, प्रवेशिका पूर्ण पुढच्या मे मध्ये, आणि दहावीचे प्रस्ताव जायच्या आधी सर्टिफिकेट हातात पाहिजे. कारण शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. मुलीला गायला आवडतं का, घरी गुणगुणते का, हे फार थोडे जण सांगतात. मला त्या पालकांचा राग येत नाही, अकरावीच्या अ‍ॅडमिशनला अर्ध्या टक्क्यानं कॉलेज जातं हे मी पण बघितलंय. पण मला एक प्रश्न सारखा पडतो आणि तो मी आता मोठ्यानं विचारते, की ज्या विषयाचे मार्क दहावीला मिळतात तो विषय शाळेत शिकवला कुठे जातो?

वाढीव गुणांना माझा विरोध नाहीये, हे आधी सांगते. खेळाडूंना मिळतात, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मिळतात, मग गाणाऱ्या वाजवणाऱ्या पोरांना का नकोत. पण चित्रकलेला शाळेत ड्रॉइंगचे सर असतात, परीक्षेचा फॉर्म शाळेतच भरला जातो, सर रिसेसमध्ये चार जास्तीची चित्रं काढून घेतात. गाण्याचं तसं काही नाही, बहुतेक शाळांत गाण्याची परीक्षा द्यायची म्हणजे बाहेर क्लास लावायचा. आमच्या भागात महिन्याला हजार-बाराशे फी आहे, परीक्षेची फी वेगळी, शिवाय संध्याकाळचा वेळ आणि ने-आण. ही फी मी स्वतः घेते, माझं घर त्यावर चालतं, म्हणून तर मला ते अगदी जवळून दिसतं. शिवडीहून एक मुलगी यायची माझ्याकडे, तिच्याइतका सुरेल गळा मला पाच-सहा वर्षांत भेटला नव्हता, वडिलांचं काम सुटलं आणि तिसऱ्या महिन्यात ती यायची थांबली, मी फी नको म्हणून निरोप पाठवला तरी आली नाही, त्यांच्या घरात तसं घ्यायची पद्धत नव्हती. तिच्या शाळेत आठवड्याला गाण्याचा एक तास असता ना, तर तिला कुणाचे उपकार घ्यायला लागले नसते. सरकार मार्क देतंय आणि शिकवणं मात्र ज्याच्या त्याच्या खिशावर सोडलंय, म्हणजे ते मार्क शेवटी कुणाला मिळणार हे वेगळं सांगायला नको.

आणि हे महाराष्ट्रात होतंय याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण गाणं घराण्यांच्या आणि दरबारांच्या बाहेर काढून साध्या माणसाच्या हातात द्यायची धडपड आपल्याच दोन माणसांनी केली. विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, संस्थानाच्या आश्रयाची वाट सोडून त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, लोकांच्या पैशावर चालणारं, आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आणलं. दुसरे विष्णू नारायण भातखंडे, ते तर आपल्या वाळकेश्वरचे, १८६० चा जन्म, वकिली करणारा माणूस, ती सोडून देशभर फिरले, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपी करून छापून टाकल्या, की ज्याला वाचता येतं त्याला शिकता यावं. त्या काळात यासाठी त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल. पुढे गिरगावात बी. आर. देवधरांनी १९२५ साली आपली संगीत शाळा काढली आणि कुमार गंधर्व लहान वयात तिथे शिकायला आले. म्हणजे संगीताची शाळा ही कल्पना या शहराला नवीन नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे. फक्त ती संगीताच्या शाळेतून साध्या शाळेत, नववी ब च्या वर्गात, कधी धडपणे पोचली नाही.

कागदावर मात्र सगळं आहे बरं का. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, शंभरच्या वर मुलं असतील तिथे, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, असावेत असं लिहिलंय. आता 'कला' म्हटलं की शाळा काय करणार, ड्रॉइंगचा माणूस घेणार, तो चुकीचा नाहीच, पण मग गाण्याची जागा तिथेच संपते. आणि नववी-दहावी तर त्या कायद्यात धड येतच नाहीत. नववी-दहावीला स्व-विकास व कलारसास्वाद नावाचा श्रेणी विषय आला, बालभारतीनं पुस्तक काढलं, पण श्रेणी विषय म्हणजे काय होतं हे मुलांना पण माहितीये, शेवटच्या आठवड्यात प्रोजेक्टची वही पूर्ण करायची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्पष्ट म्हटलंय की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत ठेवायची नाही. भिंत काढायची तर आधी टाइमटेबलमध्ये पिरियड पाहिजे. मी एका शाळेत तीन वर्षं आठवड्यातून एकदा शिकवायला जायचे, गुरुवारचा सहावा पिरियड, मधल्या सुट्टीनंतरचा. जून ते ऑक्टोबर मिळायचा, दिवाळीनंतर गणिताच्या सरांना पोर्शन पूर्ण करायला द्यायला लागायचा, आणि जानेवारीत गॅदरिंगसाठी परत माझी आठवण व्हायची. त्या सरांना दोष देत नाही, त्यांच्यावर वरून प्रेशर असतं. पण मुलं ते बघत असतात, कुठला विषय उचलून बाजूला ठेवता येतो हे त्यांना बरोबर कळतं.

महापालिकेच्या शाळांचं जरा वेगळं आहे, शिक्षण खात्याची संगीत व कला अकादमी आहे, संगीताचे शिक्षक आहेत, पालिकेच्या पोरांचं समूहगान मी ऐकलंय आणि ते खरंच चांगलं असतं. पण पालिकेच्या प्राथमिक शाळा जास्त आणि माध्यमिक कमी, त्यामुळे कितीतरी मुलं सातवी-आठवीनंतर खाजगी अनुदानित शाळेत जातात आणि तिथे गेल्यावर गाणं बंद. म्हणजे ज्या वयात ते सगळ्यात जास्त हवं त्याच वयात ते सुटतं.

हे वय म्हणजे नक्की काय, यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

माझा धाकटा भाऊ सातवीपर्यंत शाळेच्या प्रार्थनेत पुढे उभा राहायचा. उंच, स्वच्छ आवाज होता त्याचा. आठवीत दिवाळीनंतर एक दिवस प्रार्थनेत त्याचा आवाज मध्येच चिरकला, एकदा खाली एकदा वर, सगळी हसली. बाईंनी त्याला मागे बोलावलं आणि सांगितलं, तू नुसते ओठ हलव. बाई वाईट नव्हत्या, त्यांना प्रार्थना नीट व्हायला हवी होती, त्यांनाही कुणी शिकवलं नसणार की अशा वेळी काय करायचं. पण त्यानंतर तो गायला नाही, म्हणजे कधीच नाही. आज तो पंचेचाळिशीला आलाय, गणपतीत आमच्या घरी आरतीला टाळ अगदी ठेक्यात वाजवतो आणि ओठ हलवतो. मी शेजारी उभी असते म्हणून मला माहितीये की आवाज येत नाही.

आवाज फुटणं म्हणतो आपण. मुलगे बारा ते पंधराच्या आसपास असतात तेव्हा घशातलं स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक, म्हणजे वरच्या सा पासून खालच्या सा एवढा, खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, दोन-तीन सुरांनी, आणि काही काळ त्यात नुसती हवा येते, पण तो चिरकत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, मुलीला वाटतं आपला आवाज खराब झाला. हे काही महिने चालतं, कुणाकुणाचं दोन वर्षं चालतं. म्हणजे आठवी, नववी, दहावी. नेमकी माध्यमिक शाळा. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की या काळात गाऊच नये, त्यामागे कारण होतं, जोर लावून वरचे सूर काढायला गेलं तर गळ्याला इजा होते. पण हळू, खालच्या पट्टीत, जेवढे सूर येतात तेवढ्यात गायला काहीच हरकत नाही, उलट गात राहिलेल्या पोराला आपला नवीन आवाज ओळखीचा होतो. गप्प बसलेल्याला तो परकाच राहतो.

आता शाळेत होतं काय की पेटी काळी चार किंवा काळी पाचला लावलेली असते, म्हणजे सप्तकातली चौथी नाहीतर पाचवी काळी पट्टी हा सा धरलेला असतो, कारण शिकवणाऱ्या बहुतेक बाई असतात आणि बायकांच्या गळ्याला ती पट्टी सोयीची. त्या पट्टीत राष्ट्रगीत म्हणून बघा. खालच्या नी ला हात लावून वरच्या सा पर्यंत जातं ते, आणि शेवटी तीनदा जय हे येतं त्यातला पहिलाच जय हे वरच्या सा वर आहे. नववीच्या मुलांची रांग त्या जागी रोज सकाळी फुटते, काही ओरडतात, काही गप्प होतात, काही मुद्दाम भसाड्या आवाजात म्हणतात म्हणजे चेष्टा आपणच केली असं होतं. मग शिक्षक म्हणतात मुलांना शिस्त नाही. शिस्तीचा प्रश्न नाहीये हो, त्यांच्या गळ्यात तो सूर या वर्षी नाहीये! २०२३ पासून राज्यगीतही म्हटलं जातं शाळांत, त्याचंही तेच, पट्टी कुणी ठरवायची याचा विचारच नाही.

मी त्या गुरुवारच्या पिरियडला पहिल्या वर्षी हीच चूक केली. ५८ मुलं, त्यातले मुलगे ३१, आणि मी काळी चार लावून अलंकार, म्हणजे सुरांच्या सरावाच्या ओळी, घेत होते. मुली गात होत्या, मुलगे बाकावर नखं घासत होते. मग एक दिवस मी प्रत्येक मुलाला, जागेवरूनच, नुसतं आपलं नाव लांबवून म्हणायला सांगितलं, जसं चाळीत खालून हाक मारतात तसं, आणि पेटीवर तो सूर शोधला. तेव्हा लक्षात आलं की वर्गात तीन प्रकारचे आवाज आहेत. काहींचा अजून फुटलाच नव्हता, ते मुलींबरोबर सुखानं गाऊ शकत होते. काहींचा फुटून स्थिरावला होता, त्यांना काळी एक पाहिजे होती, पुरुषांची पट्टी. आणि मधले अडकलेले, त्यांना काळी चारच्या पट्टीत सा पासून ध पर्यंत येत होतं, पाच-सहा सूर, त्याच्या वर गेलं की तुटायचं.

पाच-सहा सूर म्हणजे कमी वाटतात. पण आपल्या ओव्या किती सुरांत आहेत? चार-पाच. पाळणे, भूपाळ्या, कितीतरी आरत्या, जात्यावरची गाणी, त्यांना वरचा सा लागतच नाही. म्हणजे या वयाला चालणारं गाणं आपल्याकडे ढिगानं पडलंय, आपण मात्र गॅदरिंगला सिनेमातलं उंच गाणं घेतो आणि मग ते गाऊ शकणाऱ्या दहा-बारा मुली निवडतो. आणि काळी एक सा धरली तर तिचा पंचम, पाचवा सूर प, म्हणजेच काळी चार, पेटीवर बोट ठेवून बघा. त्यामुळे मुलींनी काळी चारमध्ये एक ओळ म्हणायची आणि स्थिरावलेल्या मुलांनी काळी एकमध्ये तिचं उत्तर द्यायचं, हे कानाला अजिबात खटकत नाही, उलट फार भरदार वाटतं. पंडित जसराजांनी जसरंगी जुगलबंदीत बाईचा आणि पुरुषाचा सा वेगळा ठेवून दोघांना एकाच वेळी गायला लावलं ते याच नात्यावर. मी काही नववीच्या वर्गात जसरंगी करत नव्हते, पण नातं तेच.

मधल्या पोरांसाठी मला पोवाड्यानं हात दिला. पोवाड्यात शाहीर कडवं म्हणतो आणि मागे झीलकरी असतात, जी जी रं जी, दोन-तीन सुरांत, ठसक्यात. झील धरायला सुंदर गळा लागत नाही, ठेका आणि दम लागतो. ज्या मुलांना दोन वर्षं कुणी गायला सांगितलं नव्हतं त्यांना मी झीलकरी केलं, आणि पहिल्यांदा वर्गाच्या बाहेर आवाज गेला, शेजारच्या वर्गातून निरोप आला की जरा हळू. हे लालबाग-परळ आहे, अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांचे पोवाडे या गिरणगावात मैदानांवर झालेत, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी हजारोंनी माणसं ऐकायला उभी राहायची. या पोरांच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलेलं असणार. पोरांना मात्र शाळेत झील हा शब्दही माहीत नव्हता.

त्या वर्गात एक मुलगा होता, मागच्या बाकावरचा, गणपतीत ताशा वाजवायचा. सबमिशन नाही, वह्या नाहीत, स्टाफरूममध्ये त्याचं नाव रोज निघायचं. मी ताल शिकवत होते, तीनताल, सोळा मात्रा, एक पाच तेराला टाळी, नवाला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा टाकायचा, आणि वर्गाची खाली काही जागेवर पडत नव्हती. मी त्याला म्हटलं तू ताशा वाजवतोस ना, बाकावर वाजवून दाखव. त्यानं दोन्ही हातांच्या बोटांनी असं काही वाजवलं की वर्ग गप्प. मी विचारलं, किती मात्रांचं आहे रे हे? म्हणाला, बाई मोजत नाय, हात परत येतो. मी म्हटलं कुठे येतो? त्यानं परत वाजवलं आणि प्रत्येक वेळी बरोबर त्याच ठिकाणी मान हलवली. सम, तालाची पहिली मात्रा, म्हणजे काय हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, पण 'हात परत येतो' इतकं नीट मला कधी सांगता आलं नव्हतं. आम्ही त्याच्या वाजवण्यावर मोजलं, आठ मात्रा निघाल्या, केरव्याच्याच चालीचं होतं, आणि मग त्याच वर्गाला त्याच दिवशी केरवा आला. तीनताल दोन आठवड्यांनी.

म्हणून मला असं वाटतं की शाळेतल्या संगीताची सुरुवात रागाच्या नावापासून करू नये. दहा थाट पाठ करणं, भूप औडव औडव, वादी ग संवादी ध, हे लिहून घेतलं की तपासायला सोपं जातं एवढंच. मुंबईच्या वर्गात काय काय येऊन बसतं ते बघा आधी. कोकणातल्या चाकरमान्यांच्या पोरांच्या घरात भजनाची बारी असते, डबलबारीला, दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्याला, रात्र-रात्र बसलेली असतात ती, काकाचा पखवाज कपाटावर असतो. कुणाच्या घरी भीमगीतांची गायन पार्टी असते, १४ एप्रिलला मध्यरात्रीपर्यंत ते गाणं चालतं आणि ढोलकीवर बसलेला आपलाच दादा असतो. वरळी-शिवडीच्या कोळीवाड्यातली मुलं हळदीच्या गाण्यांत वाढतात. जाखडी नाचणारे असतात, आणि हल्ली मराठी शाळांतसुद्धा उत्तर प्रदेश-बिहारची मुलं असतात, त्यांच्या आया कजरी गातात. एवढं सगळं वर्गात आणायचं, ते म्हणायचं, मग त्याच चालीतले सूर पेटीवर शोधायचे, आणि तेव्हा सांगायचं की बाळांनो हे जे पाच सूर तुम्ही आत्ता गायलात ना, याला भूप म्हणतात. मग तो राग त्यांचा होतो. मी शास्त्रीय संगीतच शिकले, तेच शिकवते, त्यावर माझं प्रेम आहे, आणि म्हणूनच मला ते सर्टिफिकेटासाठी घोकलेलं बघवत नाही.

यावर मला जे सांगितलं जातं ते मी ऐकून आहे. पहिलं म्हणजे वेळ नाही. आठवड्याला ३५ मिनिटं, आठवी ते दहावी, एवढंच मागतेय मी. दहावीलासुद्धा, हो, दहावीला तर नक्कीच, ते वर्षभर सराव परीक्षा देतात, त्यांना एक तास एकत्र श्वास घ्यायला मिळू दे. इथे काही जण लगेच म्हणतात की संगीतानं गणित सुधारतं, बुद्धी वाढते, म्हणून शिकवा. हा मुद्दा माझ्या बाजूचा असला तरी मला तो नकोय. गणित सुधारलं नाही तर काय, गाणं काढून टाकणार? मराठी शिकवताना आपण विचारतो का की यानं भूगोल सुधारेल का. माणसाला बोलता येतं तसं गाता येतं, ते नीट करायला शिकवणं हे शाळेचं काम आहे, कारण पुरेसं आहे.

दुसरं, शिक्षक कुठून आणणार. मुंबईत संगीत विशारद ही वरची परीक्षा पास झालेल्या कितीतरी मुली, मुलगे घरी क्लास घेतायत नाहीतर गाणं सोडून बँकेत लागलेत. त्यांना बी.एड. नाही म्हणून दार बंद असतं, आणि घेतलंच तर तासावर, तेही सुट्टीचे पैसे कापून. प्रत्येक शाळेला पूर्ण वेळ माणूस परवडत नाही हे मला मान्य आहे, पण त्या २०२० च्या धोरणातच शाळा संकुलाची कल्पना आहे, जवळच्या शाळांनी संगीत, कला, खेळाचे शिक्षक वाटून घ्यायचे. ती मुंबईइतकी सोपी दुसरीकडे कुठे असणार? परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, एका शाळेतून दुसरीत चालत दहा-पंधरा मिनिटं. एक माणूस, चार-पाच शाळा, आणि त्याला महिन्याचा पगार. पगार मुद्दाम म्हणतेय. मानधनावर आलेला माणूस जूनमध्ये येतो आणि चांगलं काही मिळालं की निघून जातो, आणि आवाज फुटणाऱ्या पोराला तीन वर्षं ओळखणारा माणूस लागतो. त्याच्या ट्रेनिंगमध्ये या वयाचा गळा कसा असतो हे शिकवायलाच हवं, नाहीतर परत काळी चार आणि परत ओठ हलव.

जागा नाही, आवाज होतो, सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत शाळा भरते, हे सगळं खरंय. मी शेवटी जिन्याखालच्या लॅबमध्ये घ्यायचे, तिथे बाक नव्हते ते बरंच होतं.

आणि तिसरं, विषय केलात की परीक्षा येईल आणि मुलं त्याचाही कंटाळा करतील. याचं मात्र मला खरंच भय वाटतं. त्यामुळे माझं म्हणणं आहे की वर्गातल्या गाण्याला मार्क नकोतच, लेखी तर अजिबात नको. वर्षातून दोनदा अख्ख्या वर्गानं, निवडलेल्या बारांनी नाही, सगळ्या ५८ जणांनी पालकांसमोर उभं राहून काहीतरी म्हणावं, वाजवावं. ज्याचा आवाज त्या महिन्यात अगदीच गेलाय त्यानं टाळ धरावा, पण उभं सगळ्यांनी राहायचं. आणि वाढीव गुण ठेवायचे असतील तर ठेवा, फक्त मग त्या परीक्षेची तयारी शाळेत, शाळेच्या वेळेत, फुकट करून घ्यायची सोय असली पाहिजे, जशी ड्रॉइंगची असते. तेवढं होत नसेल तोवर ते गुण म्हणजे फी भरू शकणाऱ्या घरांना दिलेली सवलत आहे, आणि मी स्वतः त्या फीवर जगत असले तरी हे म्हणणारच.

नवीन शैक्षणिक वर्षाचं टाइमटेबल जूनमध्ये लागतं आणि पालक शिक्षक संघाची पहिली मीटिंग जुलैत होते. जे पालक मला परीक्षांबद्दल फोन करतात त्यांना मी हल्ली परीक्षांची माहिती देते आणि मग म्हणते की त्या मीटिंगला जा आणि मुख्याध्यापकांना विचारा, आठवी ते दहावीला गाण्याचा पिरियड कुठल्या दिवशी आहे. तिघं-चौघं जाऊन आले. एका शाळेनं शनिवारचा एक तास दिलाय, प्रायोगिक म्हणून, आणि तिथे शिकवायला जाणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी आहे, विशारद झालेली, वय २४. तिनं मला विचारलं पहिल्या महिन्यात काय घेऊ. मी सांगितलं, पेटी मिळाली नाही तर मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव आणि छोटा स्पीकर ने. पहिल्या शनिवारी गाणं घेऊच नकोस, प्रत्येकाला नावाची हाक मारायला सांग आणि कुणाचा सूर कुठे लागतो ते वहीत लिहून ठेव, मुलांसमोर बोलू नकोस. दुसऱ्या शनिवारी बाकावर केरवा, मोजायचा नाही, हात कुठे परत येतो ते शोधायचं. तिसऱ्या शनिवारी एक ओवी, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी आजीची, घरून विचारून आणलेली. चौथ्या शनिवारी झील, आणि त्या दिवशी शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेव. आणि वही दर महिन्याला परत भर, कारण ऑगस्टमध्ये ज्याची काळी चार होती त्याची नोव्हेंबरमध्ये काळी एक झालेली असते.